पाहुणे येणार म्हणून

"घरटी कुठं आहेत?" पाहणीला आलेल्या अधिकारी बाईंनी तलावाच्या काठावर उभं राहून विचारलं.

अर्ज सगुणाबाईंचाच होता. इथं मॉल आणि बारा मजली इमारती उठल्या तर लव्हाळ्यातल्या पाणकोंबड्या जातील, असं गावाच्या वतीनं त्यांनीच लिहून दिलं होतं. पाहणी ठरल्यावर काल त्यांनी घरोघरच्या बायका गोळा केल्या. "लव्हाळा आड येतोय, साहेबलोकांना पक्षी दिसायचे कसे?" म्हणत सगळ्यांच्या पुढं विळा त्यांनीच चालवला. काठ सारवलेल्या अंगणासारखा करून सोडला. अंडी असलेली चार घरटी तेवढी हलक्या हातानं उचलून दगडांवर मांडली. संध्याकाळच्या आत कावळ्यांनी अंड्यांचा फडशा पाडला, घरट्यांची काडी न् काडी विस्कटली. पाणकोंबड्या उडाल्या त्या उडाल्याच.

"कालपर्यंत होती हो, ताई."

"मावशी, मला आज दिसतं तेच लिहावं लागतं." बाईंचा आवाज मऊ होता. काठ मोकळा, घरटी आढळली नाहीत, असं लिहून त्यांनी कागद पुढं केला. "इथं अर्जदाराची सही."

"नाही केली तर?"

"मग अर्ज मागं घेतला असं धरतात."

मागं बायका ठेवणीतली लुगडी नेसून, पोह्यांच्या ताटल्या घेऊन ताटकळत होत्या. सगुणाबाईंनी पेन धरलं, तसा लव्हाळ्याच्या पात्यांनी चिरलेला तळवा चरचरला.

सही झाल्यावर कागदाची घडी घालत बाई मनापासून म्हणाल्या, "तलाव मात्र किती स्वच्छ ठेवलाय तुम्ही."