अर्धी पिशवी

"अळंबी काढलीस तर आधी मला दाखव. दाखवल्याबिगर चुलीवर ठेवू नको," असं भिमीमावशीनं समीक्षाला बजावलं होतं. भिमीमावशी पाड्यावरून धसईला रानभाजी विकायला यायची. समीक्षा बी.एस्सी. झालेली. तिनं लगेच मोबाइल काढला. "खुणा सांगा मावशी, लिहून घेते."

"खुणा नाय गो सांगता येत. बघितली का कळतं."

समीक्षा हसली होती. जे सांगता येत नाही ते कळतं असं कसं म्हणायचं? खोदून खोदून विचारून तिनं चार खुणा लिहून घेतल्याच.

आज सकाळी त्या चार खुणा जुळवून तिनं बांधावरची पिशवीभर अळंबी काढली, मुरबाडला आईकडे न्यायला. धसईच्या स्टँडवर दीड वर्षाच्या लेकीची, रोशनीची बाटली विसळायची होती. शेजारच्या बाईच्या मांडीवर स्वतःचं मूल होतं, तरी तिनं रोशनीलाही घेतलं. समीक्षा नळाशी उभी राहून सगळा वेळ त्या बाईवर नजर ठेवून होती. परत आल्यावर त्या संशयाची तिलाच लाज वाटली. तिनं अर्धी अळंबी त्या बाईला देऊन टाकली.

"आत्ताच काढलीय. घरी जाऊन करा."

बाई खूश झाली आणि किन्हवलीच्या गाडीत चढली.

गाडी अजून उभीच होती तेवढ्यात डोक्यावर पाटी घेऊन भिमीमावशी आली. पिशवीत नुसती डोकावली.

"फेक. जहरी हाय ही."

"पण मावशी, चारही खुणा..."

"फेक म्हनते ना! कोणाला दिली तर नायस?"

बाकावरची माणसं वळली. "मोबाइलात बघून भाजी काढतं काय कोण?" एक म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. समीक्षाचे कान तापले.

"नाही," ती म्हणाली.

मागे गाडी सुरू झाली. भोंगा वाजला. गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे तिच्या तोंडून निघालं, "मावशी, दिलीय. अर्धी दिलीय."

स्टँडवरच्या कंट्रोलरनं गाडीच्या ड्रायव्हरला तीनदा फोन लावला. रेंज नव्हती. "वाटेतल्या स्टॉपवर माझी वळखीची माणसं हायत," तो म्हणाला. "उतरताना अडवतील. बाई कशी होती ते सांगा वहिनी."

समीक्षानं तोंड उघडलं. साडी हिरवी होती. की निळी? वय? टिकली? मूल मुलगा होता की मुलगी? नळाशी उभं राहून डोळे फाडून जिच्याकडे पाहिलं, तिचं एवढंसुद्धा हाती लागेना.

"समोर आली तर लगेच ओळखेन," ती म्हणाली. "शंभर बायकांत ओळखेन."

"समोर कुठून आणू आता?"

भिमीमावशीनं उरलेली अळंबी पायाखाली चिरडली आणि रोशनीला कडेवर घेतलं.

समीक्षानं मोबाइलवर आसपासच्या गावांचे सगळे ग्रुप उघडले आणि लिहायला घेतलं. 'धसई स्टँडवर कोणीतरी विषारी अळंबी वाटली आहे.' अंगठा थांबला. 'कोणीतरी' तिनं खोडलं. तिथं स्वतःचं पूर्ण नाव घातलं, सासरच्या आडनावासकट.

'ती मी दिली. आज दहाच्या सुमाराला, एका लेकुरवाळ्या बाईला. ती किन्हवलीच्या गाडीनं गेली. तिचं नाव, गाव, साडी, मला काहीच सांगता येत नाही. तुमच्या आळीत धसईहून आत्ता कोणी आलं असेल, कोणाच्या चुलीवर अळंबी असेल. हा मेसेज मागाहून पुढे पाठवा. आधी उठा आणि तिच्या दारात जाऊन बघा.'