मातीशिवाय बाग

मोटर घरघरली, पण पाइपमधून फवारा काही आला नाही.

फिटरने झाकण काढून आत टॉर्च मारला. खिडकीशी त्याने जाड पांढरा पाइप उभा केला होता. पाइपला चहूबाजूंनी भोकं, प्रत्येक भोकात जाळीचा कप, कपात स्पंजने धरलेलं रोप. मुळं आत, अंधारात, हवेत लोंबकळत होती. खाली पाण्याची बादली, तिच्यात छोटी मोटर. दर थोड्या वेळाने मुळांवर धुक्यासारखं पाणी उडायला हवं होतं.

"क्षार साठलेत," तो म्हणाला. "फवाऱ्याचं तोंड बुजलंय."

"आयुष्यभर आख्ख्या शहराला पाणी पाजलंत, आणि चार पानांना पाजता येईना?" पलंगावरून बायको म्हणाली.

तो हसला. हसता हसता खोकला.

थंडीत खोकल्याने दोघांनाही धरलं होतं. दोघांच्याही तपासण्या झाल्या. फिटरला दवाखान्याच्या वासानेच घाम फुटायचा, म्हणून तो बाहेर बाकावर बसून राहिला. डॉक्टरांकडे आत एकटी बायकोच गेली. बाहेर आली ती भिंतीला धरून.

"तुम्हाला काही नाही, सर्दी मुरलीय," ती म्हणाली. "माझीच फुप्फुसं गेलीत. घरात माती नको, बुरशी नको, धूळ नको म्हणाले."

त्याच आठवड्यात गॅलरीतल्या तिच्या सगळ्या कुंड्या गेल्या. जास्वंद, पुदिना, पोटच्या पोरासारखं वाढवलेलं लिंबाचं झाड. माणसं कुंड्या उचलत होती तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्यानंतर तिने पलंग धरला तो धरलाच.

फिटरला ते बघवेना. जन्म पंपांमध्ये गेलेला. माती नको म्हणतात ना, मग मातीवाचूनच बाग लावू. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्याने पाइप काढला, खोडला, पुन्हा काढला. भोकं तिरकी ठेवली, म्हणजे पाणी बाहेर गळणार नाही. बादलीच्या तोंडाला जुन्या मोज्याची गाळणी बांधली. लेक शनिवारी आली की हाताखाली काम करायची.

फवारे साफ झाले, रोपं तरारली. मग एका दुपारी त्याचा डोळा लागला आणि उठून पाहतो तर सगळी माना टाकून.

"वीज गेली असेल," बायको म्हणाली.

त्याने बॅटरी जोडली. नवी रोपं लावली. तीही अशीच एका दुपारी वाळली. मग त्याने मोटर बदलली. पुन्हा तेच.

"दैव देतं आणि कर्म नेतं," तो म्हणाला. शर्ट अंगावर लोंबत होता. गळपट्टीत दोन बोटं सहज जात.

"बाबा, राहू द्या आता," लेक म्हणाली. "किती वाळलात!"

"धावपळीने गं. एकदा ही बाग लागू दे, मग मीही पाय पसरून पडतो."

बायकोने त्याच्या हातावर रोजची ताकदीची गोळी ठेवली. "मोटर चालू-बंद करणारा तो टायमर बिघडला असेल," ती म्हणाली. "नवा बघा ना."

तो काठी घेऊन बाजारात गेला.

लेक त्याला चौकापर्यंत सोडून, भाजी घेऊन परत आली आणि दारातच थबकली. आई पलंगावर नव्हती. ती खिडकीशी उभी होती, आधाराशिवाय, ताठ. तिचं बोट मोटरच्या बटणावर होतं. पाइप गप्प होता.

"आई! तू बंद करतेस?"

आईने हात मागे घेतला नाही.

"इतके दिवस तूच? बाबा तुझ्यासाठी रक्ताचं पाणी करतायत, आणि तू ताकास तूर लागू दिली नाहीस?"

"हळू बोल."

"का पण? का?"

"मोटर बदलली तेव्हा सगळं नीट चाललं होतं. दोन दिवस त्यांना काही कामच उरलं नाही. दोन्ही दिवस अंथरुणातून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी रोपं वाळली, तशी पक्कड घेऊन उभे राहिले."

"अगं, पण आजारी तू आहेस! तुला हिरवं दिसावं म्हणून तर..."

आईने खिडकीतून खाली पाहिलं. फिटर रस्ता ओलांडून आला होता. नवा टायमर छातीशी धरून विजेच्या खांबाला टेकला होता. श्वास जमवून चार पावलं चालला, पुन्हा थांबला.

तिने बटण चालू केलं. लगबगीने पलंगावर गेली, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं.

"डोळे पूस आधी," ती लेकीला म्हणाली. "डॉक्टरांनी मला आत बसवून जे सांगितलं, ते माझ्याबद्दल नव्हतं."