घरातलं निरोगी माणूस

भास आणि संशयाच्या आजारात डोपामिन या मेंदूतल्या रसायनाच्या खुणा रक्तपेशींत सापडतात का, याचं संशोधन चालू होतं. एक रुग्ण आणि त्याच्या घरातलं एक निरोगी माणूस, अशा जोड्या हव्या होत्या. आजारी मुलाच्या शेजारी वडील बाही सरसावून ऐटीत बसले.

रक्त घेऊन झाल्यावर नर्सने दोन्ही नळ्यांवर नुसते आकडे चिकटवले. सतरा आणि अठरा.

“नावं नाही घालत?”

“नाही काका. यातला रुग्ण कोण, ते तपासणाऱ्याला कळता कामा नये.”

“आणि अदलाबदल झाली तर?”

“होत नाही,” म्हणत ती नळ्या घेऊन आत गेली.

वडील मुलाच्या कानाशी लागले. “मुद्दाम करतील बघ. ती दारातली बाई मघापासून माझ्याकडेच बघतेय.”

मुलाने हातावरचा कापूस दाबून धरला.

“बाबा, ती खरंच बघतेय, की तुम्हाला तसं वाटतंय?”

आठ वर्षं रोज संध्याकाळी हा प्रश्न वडीलच त्याला विचारत आले होते. उत्तराला उशीर झाला की खेकसायचेही.

मुलगा खेकसला नाही. कापूस धरून वाट बघत बसला.