समोरचा बाक

पाण्यातला किल्ला दाखवतो, असं काका दर सुट्टीला म्हणायचे आणि दर सुट्टीला काहीतरी आडवं यायचं. काका गेले. यंदा काकू मनाचा हिय्या करून एकट्याच आल्या.

छोट्या नावेत दुसरं कुणी नव्हतं. काकू डाव्या बाकाच्या कडेला बसल्या. समोरचा बाक रिकामा होता.

"काकू, मधे सरका. एका बाजूला बसलं की नाव कलते," नावाडी म्हणाला. मग त्याने पाण्याकडे पाहिलं. नाव तसूभरही कलली नव्हती.

"राहू द्या," तो हळूच म्हणाला. "बसा निवांत."

बुरूज जवळ आला. "केवढा उंच आहे हो!" काकूंच्या तोंडून निघून गेलं आणि त्यांनी जीभ चावली. नावाड्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

किल्ल्याच्या धक्क्यावर त्याने हात दिला. काकू उतरल्या आणि वळून पाहतात तो काय, नाव समोरच्या बाकाकडे पार कलली होती.

नावाड्याचा हात तसाच पुढे होता.

"सावकाश," तो रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाला, "पायरीवर शेवाळ आहे."

नाव हळूहळू सरळ झाली.