घड्याळाला हात

आमच्या ऑफिसात संगणकाच्या एका नेटवर्क कार्डावर एकच खरं घड्याळ आहे. त्या कार्डाची आठ व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, कार्डं करून मी आठ ग्राहकांना दिली आहेत. वेळ सगळ्यांनी वाचायची, पण घड्याळ पुढेमागे एकानेच करायचं. ती परवानगी कुणाला द्यायची, ते मी ठरवतो.

घरी मात्र माझी गणती वाचणाऱ्यांत. स्वयंपाकघरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे असायचं आणि पस्तीस वर्षांत बायकोने मला त्याला एकदाही हात लावू दिला नाही. ती गेल्यावर तीन महिन्यांनी ते बंद पडलं.

सून म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच सेल घाला. पण दहा मिनिटं पुढेच हं!"

एवढा मोठा अधिकार मिळाल्यावर मी कशाला थांबतोय! शीळ घालत स्टुलावर चढलो आणि घड्याळ काढून उलटं केलं. मागे बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. ती वाचून मी इतका हसत सुटलो, की सुनेने घाबरून माझे पायच धरले.



चिठ्ठीत लिहिलं होतं, "सेल सूनबाई बदलेल. तुम्ही आधी स्टुलावरून खाली उतरा."