वाऱ्यावर ढकलायचं नाही

"चूक सांगा," कॅप्टन म्हणाले.

टेलरबाई उभ्या राहिल्या. धक्क्याजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये रविवारी सकाळी होडीवाले जमत, चहा घेत आणि आठवडाभरात पाण्यावर काय काय घडलं ते एकमेकांना सांगत. ज्याची होडी उलटली असेल, त्याने आधी बोलायचं. आपली चूक सांगायची, वाऱ्याला दोष द्यायचा नाही. मग बाकीच्यांनी हात वर करून ठरवायचं, याला पुन्हा एकट्याने पाण्यावर सोडायचं की नाही.

"शिडाची दोरी हातात धरायची असते. मी ती खुंटीला बांधली," टेलरबाई म्हणाल्या. "संत्रं सोलायला दोन्ही हात हवे होते."

शेडमध्ये हशा पिकला. हसला नाही तो एकटा त्यांचा मुलगा. तो दातांचा डॉक्टर होता, क्लबचा सभासद नव्हता, तरी आज दवाखाना बंद ठेवून आला होता.

"पुढे?" कॅप्टननी विचारलं. बारा फुटांच्या होडीपलीकडे त्यांनी कधी काही हाकलं नव्हतं, पण टोपीमुळे नाव पडलं होतं.

"पुढे काय! झोत आला, दोरी सुटेना, होडी आडवी. मी पाण्यात. संत्रंही. एरवी होडीच्या तळाखाली पाण्यात असते ती फळी, होडी आडवी झाल्यामुळे बाहेर आली होती, तिच्यावर चढले आणि काठ धरून मागे रेलले. तीनदा घसरले. चौथ्यांदा होडी उठली. डब्याने पाणी उपसलं आणि आले."

"आले?" मुलगा उभा राहिला. "मोटारबोटीने ओढून आणलं म्हणून आलीस. आई, तू एकोणसत्तर वर्षांची आहेस. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात माझा हात होता आणि फोन आला, तुमच्या आईची होडी उलटली. पुढचं काही मला ऐकूच आलं नाही. या सगळ्यांना मी हात जोडून सांगायला आलोय, हिला आता सोडू नका."

दाराशी टेकलेल्या मोटारबोटवाल्याने घसा खाकरला.

"डॉक्टर, मी नाही ओढलं. मी दोर टाकला होता, बाईंनी तो परत फेकला. वर मलाच झापलं, लांब राहा, तुझ्या लाटांनी पुन्हा आडवी होईल. शीड लावून स्वतः आल्या त्या. मी आपला मागून मागून."

मुलाने आईकडे पाहिलं. तिने चहाचा घोट घेतला.

कॅप्टननी टोपी काढून पुन्हा घातली. "बाई, तुमच्या हिमतीबद्दल प्रश्नच नाही. पण डॉक्टरांचंही खरं आहे. असं करू, उन्हाळ्यापर्यंत तुमच्याबरोबर कुणीतरी बसेल. नुसतं सोबतीला. काळजीपोटी म्हणतोय."

दोघातिघांनी माना डोलावल्या.

"एप्रिलमध्ये तुमची होडी उलटली," टेलरबाई म्हणाल्या. "तेव्हा तुमच्या सोबतीला कुणाला बसवलं होतं?"

"ते वेगळं होतं."

"कसं?"

"कसं म्हणजे, बाई, त्या दिवशी वारा इतका..."

कॅप्टन थांबले, पण उशीर झाला होता. मागच्या बाकावरून कुणीतरी टेबल बडवलं. "वारा! कॅप्टन, वारा म्हणालात तुम्ही!" हसताना एकाच्या नाकातून चहा आला.

टेलरबाई हसल्या नाहीत. आवाज थांबेपर्यंत त्या उभ्याच होत्या.

"माझी चूक मी सांगितली. तिची शिक्षा द्या, घेते. सहा महिने पाण्यावर जाऊ नको म्हणा, नाही जाणार. पण वय ही माझी चूक नाही, आणि तिच्यावर इथे हात वर होणार नाहीत. आता बोला, मला एकटीने सोडायचं की नाही?"

मागच्या बाकावरचा हात आधी वर गेला. मग मोटारबोटवाल्याचा, त्याला मताचा अधिकार नव्हता तरी. मग एकेक करून सगळे. कॅप्टनचा हात सर्वांत शेवटी आणि जेमतेम कानापर्यंत, पण गेला.

टेलरबाईंनी कप विसळून पालथा घातला, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळले आणि त्या बाहेर पडल्या.

मुलगा धक्क्याशेजारच्या वाळूपर्यंत मागे आला. बाई आत बसून शीड चढवत होत्या तेव्हा त्याने होडीचं नाक दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"त्यांनी हात वर केले. मी नाही केला."

"दिसलं मला."

"एकटी जाऊ नकोस, आई."

"मग ये. पुढे बस, जागा आहे."

त्याने पाण्याकडे पाहिलं. "मला पोहता येत नाही, माहितेय तुला."

"मग ढकल."

तो हलला नाही. शीड फडफडत होतं.

"बस, नाहीतर ढकल," ती म्हणाली. "मध्ये उभा राहू नकोस."

तो बूट घालूनच पाण्यात उतरला. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. होडी तळाच्या वाळूत थोडी घासली, मग सुटली. त्याचे हात तसेच पुढे राहिले.

"परत कधी येशील?" त्याने ओरडून विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आल्यावर सांगते."