न आलेला आकडा

स्क्रीन लाल झाली आणि डेअरीतलं दूध तापवणारं यंत्र मध्येच थांबलं. त्याचा जुना प्रोसेसर मागेच जळाला होता. तसा आता कुठे मिळत नाही, म्हणून केतकीने आणि मी त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम लिहिला होता. आज पहिलाच दिवस.

“आत दोन हजार लिटर दूध आहे हो!” मॅनेजर ओरडले.

मी केतकीवर उखडलो. “तापमानाच्या सेन्सरकडून आकडा आला नाही तर शून्य धरायचं, असं मी लिहिलं होतं. ते तू काढलंस?”

“हो सर. आकडाच आला नाही, तर शून्य कुठून आणायचं? त्यापेक्षा थांबलेलं बरं.”

“अगं, बंद पडू नये म्हणूनच लिहिलं होतं ते!”

ती टाकीमागे गेली. सेन्सरची सुटलेली वायर तिने वर धरली.

शून्य मिळालं असतं, तर दूध गारठलंय असं समजून यंत्र वाफ सोडतच राहिलं असतं.

“केतकी,” मी हळूच म्हणालो, “असं शून्य मी आणखी सतरा ठिकाणी भरलंय.”

“एकोणीस, सर,” वायर जोडता जोडता ती म्हणाली. “कालच काढली सगळी.”